‘गॉड ब्लेस द यूएसए’ बायबल: दोन आठवडे टेबलावर ठेवून लिहिलेला रिव्ह्यू (फोंडा, गोवा)

आधी एक सांगून टाकतो, मी हिंदू माणूस, बायबलला स्टार द्यायचा मला हक्क नाही आणि तशी इच्छा पण नाही. हा रिव्ह्यू एका विशिष्ट प्रतीचा आहे, ‘गॉड ब्लेस द यूएसए’ बायबल म्हणून अमेरिकेत विकली जाते ती, डॉनल्ड ट्रम्पनी २०२४ च्या मार्चमध्ये ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात व्हिडिओ टाकून लोकांना घ्यायला सांगितली ती. किंमत ५९.९९ डॉलर, म्हणजे आपले पाच हजार रुपये धरा. फोंड्याच्या बाजूला माझा छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, पावती पुस्तकं, फेस्ताची कार्डं, जुन्या पोथ्यांचं बाइंडिंग, हे सगळं तीसेक वर्षं करतोय, त्यामुळे पुस्तक हातात आलं की मी आधी पाठ बघतो आणि मग मजकूर.

हातात आलं कसं ते सांगतो. आमच्या शेजारी एक रिटायर्ड टीचर राहतात, कॅथलिक, अख्खा वाडा त्यांना टीचर म्हणूनच ओळखतो, माझ्या दोन्ही मुलांना इंग्लिश त्यांनीच शिकवलं. त्यांचा भाचा टेक्सासात असतो, नाताळाला घरी आला तेव्हा ही प्रत घेऊन आला, तिकडे ऑफिसातल्या कोणीतरी त्याला भेट दिलेली. एक दिवस टीचर ती पिशवीत घालून छापखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "बाब, हाचीं फाटलीं पानां वेगळीं करूंक जातलीं?" मागची पानं सुटी करून हवी होती त्यांना. मी म्हटलं टीचर ठेवा, बघतो. बघता बघता दोन आठवडे गेले, रोज दुपारी मशीन बंद असताना मी वाचत बसायचो.

वस्तू म्हणून बोलायचं तर टाइप मोठा आहे, आमच्या वयाच्या लोकांना ओळ सापडते, दिव्याखाली ठेवून वाचायला त्रास होत नाही. आकार पण फार जाड नाही, हातात मावतो. भाषांतर किंग जेम्स, म्हणजे १६११ चं, इंग्लिश जुनी आहे पण टीचरनी दोन पानं मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा कळलं की लोक चारशे वर्षं तिलाच का धरून बसलेत, पोथी वाचताना जसा सूर लागतो तसा तिला लागतो. एक मात्र गोव्यातल्या लोकांनी नीट ऐका, कारण इथे नातेवाईक अशा भेटी आणतात. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं असतात आणि ही प्रॉटेस्टंट पद्धतीची प्रत, हिच्यात ६६. टोबित नाही, जुदित नाही, मक्काबी नाही. टीचरनी अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणाल्या, "हें आमचें न्हय." तेव्हा कॅथलिक घरात रोजच्या प्रार्थनेला घेत असाल तर इथेच थांबा, पणजीला किंवा मडगावला कॅथलिक पुस्तकांच्या दुकानात जा, ह्याच्यापेक्षा खूप कमी पैशात चांगली प्रत मिळेल, कोंकणीत हवी तर कोंकणीत.

आता कव्हर. कव्हरवर ‘होली बायबल’ आहे, अमेरिकेचा झेंडा आहे आणि ‘गॉड ब्लेस द यूएसए’ हे शब्द आहेत. हे शब्द ली ग्रीनवूड नावाच्या गायकाच्या एका देशभक्तीच्या गाण्याचं नाव, ट्रम्प सभेत स्टेजवर येतात तेव्हा हेच गाणं लागतं. आत त्या गाण्याचं धृपद गायकाच्या हस्ताक्षरात छापलंय. आणि टीचरना जी वेगळी हवी होती ती पानं म्हणजे अमेरिकेचं संविधान, बिल ऑफ राइट्स म्हणजे नागरिकांच्या हक्कांची यादी, स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि शाळेतली मुलं झेंड्यासमोर उभं राहून म्हणतात ती प्रतिज्ञा.

ह्यातल्या एकाही कागदाबद्दल माझ्या मनात वाईट नाही. संविधान मोठी गोष्ट आहे, कुठल्याही देशाचं असो. पण बाइंडिंगवाल्याला एक गोष्ट हाताने कळलेली असते, की तुम्ही जे एका शिलाईत घेता ते वाचणाऱ्याच्या मनात एकच होतं. गीतेच्या पोथीच्या मागे कोणी पंचायतीचे नियम शिवून दिले तर दहा वर्षांनी त्या घरातलं पोर नियमांना पण नमस्कार करणार, आणि त्या नियमात कुठे चूक आहे हे विचारायला त्याची जीभ रेटणार नाही.

हे मी हवेत बोलत नाही. बरीच वर्षं झाली, एका देवस्थानाच्या जत्रेचं पत्रक आमच्याकडे आलं. प्रूफ काढलं, वर देवीचा फोटो, खाली कार्यक्रम, शेवटी देणगीदारांची नावं. कमिटीतले दोघं आले आणि म्हणाले साहेबांचा फोटो टाका, मी म्हटलं टाकतो, खाली टाकतो. नाही, वर टाका. वर टाकला. मग म्हणाले मोठा करा. जागा नाही म्हटलं तर म्हणाले देवीचा लहान करा. आणि मी केला. ऑर्डर मोठी होती, मुलीची फी भरायची होती, मी देवीचा फोटो पासपोर्ट साइज केला आणि साहेबांचा हात जोडलेला फोटो तिच्या शेजारी तिच्या दुप्पट लावला. पुरोहितांनी ते पत्रक बघितलं होतं, मला वाटलेलं ते तरी बोलतील, ते काही बोलले नाहीत. मंडपाचा खर्च साहेबांचा होता. त्या पत्रकाची एक प्रत मी अजून ठेवलीय आणि हे बायबल हातात आल्यावर मला पहिलं ते पत्रक आठवलं, म्हणून हा रिव्ह्यू लांबणार आहे, ज्यांना फक्त कागद आणि टाइप बघायचाय त्यांचं काम वरच झालं.

पैशाचं पण सांगितलं पाहिजे कारण विकत घेणाऱ्याला ते माहीत असावं. वेबसाइटवर लिहिलेलं होतं की हे बायबल ट्रम्प यांच्या मालकीचं नाही, त्यांचं नाव आणि छबी पैसे देऊन लायसन्सवर घेतलीय. त्यांनी २०२४ मध्ये जे आर्थिक विवरण भरलं त्यात ह्या बायबलच्या रॉयल्टीचे ३ लाख डॉलर दाखवलेत, आणि पुढच्या वर्षीच्या विवरणात १३ लाख. असोसिएटेड प्रेसने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कस्टमचे कागद काढून बातमी दिली की जवळपास १ लाख २० हजार प्रती चीनमधून छापून आल्या, एका प्रतीला ३ डॉलरपेक्षा कमी पडले. छपाई चीनमध्ये होते ह्याच्यात गैर काहीच नाही, जगातली कितीतरी बायबलं तिथे छापतात, पातळ कागदावर छापायची त्यांची तयारी आहे. पण तीनची वस्तू साठला, ती पण देवाच्या नावाने आणि निवडणुकीच्या वर्षात, हे मला धंदेवाला म्हणून पण जड जातं. त्याच सुमारास ओक्लाहोमा राज्याच्या शिक्षण खात्याने शाळांसाठी ५५ हजार बायबलांचं टेंडर काढलं आणि अटी अशा होत्या की किंग जेम्स भाषांतर पाहिजे, आणि आत प्रतिज्ञा, जाहीरनामा, संविधान, बिल ऑफ राइट्स पाहिजे. ज्यांनी सरकारी टेंडर भरलीत त्यांना अशा अटींचा अर्थ समजावून सांगायला लागत नाही. बोंबाबोंब झाल्यावर अटी बदलल्या.

मी टीचरना विचारलं, तिकडचे मोठमोठे पाद्री, ज्यांच्या शब्दावर लाखो लोक चालतात, ते ह्याच्यावर काहीच कसं बोलत नाहीत. टीचर म्हणाल्या काही बोलले. जॉर्जियाचे सेनेटर राफाएल वॉर्नॉक, जे स्वतः पाद्री आहेत, ते स्पष्ट बोलले होते की बायबलला ट्रम्पच्या शिफारशीची गरज नाही. पण ते विरोधी पक्षाचे. ट्रम्पच्या अवतीभवतीचे जे इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच शेवटचा शब्द मानणारे प्रॉटेस्टंट, नेते आहेत त्यांची साथ कधी सुटली नाही, ह्या बायबलाने नाही आणि त्याच्या आधीच्या कशाने पण नाही. मग आम्ही दोघांनी बसून ते सगळं मागे मागे जाऊन वाचलं, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटलं.

१९९८ साल घ्या. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन, त्यांचं बाईचं प्रकरण गाजत होतं. तेव्हा सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने, म्हणजे तिकडच्या सगळ्यात मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेने, ठराव केला की सार्वजनिक पदावरच्या माणसाचं चारित्र्य महत्त्वाचं आहे. फ्रँकलिन ग्रॅहॅम नावाच्या मोठ्या प्रवचनकारांनी पेपरात लेख लिहिला, की राष्ट्राध्यक्ष खासगीत काय करतो ह्याचा सार्वजनिक कामाशी संबंध आहेच. मी म्हणतो बरोबर लिहिलं. मग १८ वर्षांनी, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, ट्रम्पची बायकांबद्दलची ती टेप बाहेर आली, सगळ्या जगाने ऐकली, आणि महिन्याभरात मतदान झालं तेव्हा गोऱ्या इव्हँजेलिकल लोकांपैकी ८१ टक्क्यांनी त्यांनाच मत दिलं, आणि त्यांच्यासाठी उभे राहिलेल्यांत तेच फ्रँकलिन ग्रॅहॅम. पीआरआरआय नावाच्या संस्थेचा सर्व्हे आहे, खासगीत अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक कामात नीट वागू शकतो का, असा प्रश्न. २०११ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के हो म्हणाले होते, २०१६ मध्ये ७२ टक्के. पाच वर्षांत ग्रंथ तोच, ६६ पुस्तकं तीच, एक ओळ बदललेली नाही, आणि माणसं इकडची तिकडे. मला विचाराल तर हे लोकांनी आपल्या मनाने नाही केलं, वर उभं राहून बोलणाऱ्यांनी त्यांना तिकडे नेलं.

जेरी फॉलवेल ज्युनियर, लिबर्टी युनिव्हर्सिटीचे प्रमुख, त्यांनी २०१६ च्या जानेवारीतच पाठिंबा जाहीर केला आणि टेपनंतर पण सोडला नाही, पुढे २०२० मध्ये स्वतःच्याच भानगडीत त्यांना पद सोडावं लागलं. डॅलसचे पाद्री रॉबर्ट जेफ्रेस उघड म्हणालेले की देश चालवायला मला नम्र माणूस नको, सापडेल तो सगळ्यात कडक आणि खमका माणूस हवा. २०१७ मध्ये शपथविधीच्या सकाळी वॉशिंग्टनच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये प्रवचन त्यांचंच, जेरुसलेमची तटबंदी बांधणाऱ्या नेहेम्याची गोष्ट घेतली आणि म्हणाले देव भिंती बांधायच्या विरोधात नाही. आणि प्रवचनकार पॉला व्हाइट-केन, ज्यांना २०२५ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये धर्माच्या कामाचं ऑफिसच मिळालं. २०२४ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोर्टात ज्युरीने ट्रम्पना ३४ आरोपांवर दोषी धरलं, त्या नोव्हेंबरात गोऱ्या इव्हँजेलिकलांचं मत परत दहातले आठ त्यांनाच.

आता दुसरी बाजू पण सांगतो, कारण टीचरनी मला दोनदा टोकलं की बाब, त्या लोकांना पैशाचे लोभी म्हणून सोडून देऊ नकोस, तसं सोपं नाही. त्यांना जे पाहिजे होतं ते त्यांना मिळालं. गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा निकाल रद्द व्हावा म्हणून ते लोक जवळजवळ पन्नास वर्षं झगडत होते, प्रार्थना करत होते, ट्रम्पनी सुप्रीम कोर्टात तीन न्यायाधीश नेमले आणि २०२२ च्या जूनमध्ये तो निकाल रद्द झाला. इस्राएलमधला दूतावास जेरुसलेमला न्यायचं बाकीचे नुसते म्हणत राहिले, ह्यांनी २०१८ मध्ये नेला, आणि उद्घाटनाला प्रार्थना कोणी केली तर जेफ्रेसनी. चर्चने उमेदवाराचा प्रचार करू नये असा १९५४ चा कायदा आहे, तो काढीन असं वचन त्यांनी दिलं होतं. शब्द पाळणारा राजकारणी मिळाला की माणूस बांधला जातो, आपल्याकडे पण बघा ना, देवळाचा रस्ता करून दिला की वीस वर्षं गाव त्या नावाला विसरत नाही. ते पाद्री म्हणतात की बायबलातला कुरुश राजा, इराणचा, त्यांच्या धर्माचा नव्हता तरी देवाने त्याच्या हातून यहुद्यांना घरी पाठवलं, तसाच हा. हा मुद्दा खोटा नाही, देव कोणाच्याही हातून काम करतो हे आम्ही पण मानतो. माझं म्हणणं एवढंच की कुरुशाच्या हातून काम झालं म्हणून कोणी कुरुशाचं नाव आणि छबी लावून ग्रंथ विकला नव्हता.

आणि टीचरनी मला जे पान काढून दिलं ते ह्याच प्रतीत आहे, मोठ्या टाइपात, म्हणून प्रॉडक्टच्या रिव्ह्यूत ते आलंच पाहिजे. राजांचं पहिलं पुस्तक, अध्याय २२. अहाब राजाला लढाईला जायचंय, रामोथ-गिलाद घ्यायला. तो संदेष्ट्यांना बोलावतो, जवळपास चारशे जण, जाऊ का नको? चारशेच्या चारशे म्हणतात जा, देव तुला देणार. शेजारचा राजा यहोशाफाट विचारतो, अजून कोणी आहे का रे विचारायला? अहाब म्हणतो एक आहे, मीखाया, पण मला तो आवडत नाही, माझ्याबद्दल कधी चांगलं बोलत नाही. त्याला आणायला गेलेला माणूस वाटेत त्याला समजावतो की सगळे राजाला हवं तेच बोललेत, तू पण तसंच बोल. तो येतो आणि शेवटी खरं ते सांगतो, ह्या लढाईचा शेवट वाईट आहे. चारशेमधला एक पुढे येऊन त्याच्या थोबाडीत देतो. राजा त्याला तुरुंगात टाकतो, भाकरी पाण्यावर. आणि अहाब वेष बदलून लढाईला जातो तरी कोणीतरी सहज मारलेला बाण त्याला लागतो आणि तो मरतो.

मी ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा वाचली. त्या दुपारी पुढचं काही वाचवेना. चारशे जण खोटारडे होते असं पण वाटत नाही, राजाच्या अंगणात रोज उठबस असली की राजाची इच्छा हीच देवाची इच्छा असं खरोखरच वाटायला लागत असेल.

कौल म्हटला की गोव्यातल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. देवीच्या अंगावर पाकळ्या लावतात, उजवी पडली की हो, डावी पडली की नाही, आणि विचारणारा कोण आहे ह्याच्याशी पाकळीला देणंघेणं नाही. लहानपणी आमच्या गावात एका मोठ्या जमीनदाराने कौल लावलेला, तीनदा लावला, तीनदा डावी, आणि तो माणूस हात जोडून उठला आणि जमिनीचा तो व्यवहार त्याने सोडून दिला, हे मी डोळ्याने बघितलंय. देवाला नाही म्हणायची जागा त्या पद्धतीत शाबूत आहे. गाऱ्हाणं घालणारा सगळ्यांसाठी गाऱ्हाणं घालतो, आमदारासाठी घालतो तसंच साध्या बाईसाठी घालतो, पण पाकळी कुठे पडली हे त्याने खरं सांगायचं असतं. उद्या त्यानेच पाकळी उजवीकडे ढकलली तर मग देवळात राहिलं काय.

आणि पेडण्याच्या लोकांना संतकवी सोहिरोबानाथ आंबिये आठवतील, तिथल्या सरकारी कॉलेजला त्यांचंच नाव आहे. गोष्ट अशी सांगतात की केरीचे जिवबादादा बक्षी महादजी शिंद्यांचे सेनापती, त्यांच्या ओळखीने सोहिरोबा ग्वाल्हेरला गेले. महादजी स्वतः कवनं करायचे, त्यांनी आपली कवनं पुढे ठेवली, साहजिकच कौतुकाची अपेक्षा होती, उत्तर हिंदुस्थान ज्याच्या शब्दावर हलत होता असा माणूस तो. सोहिरोबांनी कौतुक केलं नाही. उलट तोंडावर सांगितलं की आम्हाला तुझी गरज नाही, आणि उठून गेले. लहानपणी आजीकडून ऐकताना मला त्या गोष्टीत एवढं काय आहे कळायचं नाही. आता साठीला टेकलो तेव्हा कळतं की ज्याच्या ओळखीने दरबारात गेलो त्याची काय पंचाईत होईल, परत कोण बोलवेल का, भोजन वाढेल का, हे सगळं पोटात असून उठायचं असतं.

आपल्याकडे सगळं चांगलंच आहे असं पण मी म्हणणार नाही. २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे म्हणजे क्रूसाकडे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही म्हणून शपथ घ्यायला लावली. सप्टेंबरात ११ पैकी ८ आमदार भाजपात. एक ज्येष्ठ नेते म्हणाले मी देवाला विचारून निर्णय घेतला. तिन्ही ठिकाणचा देव साक्षीला होता, पण त्या आठ जणांना शपथ कुठे गेली असं उघड विचारणारा धर्मगुरू माझ्या तरी कानावर आला नाही. टीचर म्हणतात आमचं चर्च निवडणुकीआधी पत्रक काढतं, कुणाला द्या सांगत नाही, कसल्या माणसाला देऊ नका ते सांगतं. तेवढं तरी.

अमेरिकेत पण बोलणारे झाले, त्यांना विसरलो तर अन्याय होईल. बिली ग्रॅहॅम म्हणजे फ्रँकलिनचे वडील, सगळ्यात मोठे, ते राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या फार जवळ गेले होते, बंद खोलीत निक्सनच्या हो ला हो म्हणत यहुद्यांबद्दल जे बोलले ते टेपवर राहिलं, २००२ मध्ये बाहेर आलं, त्यांनी माफी मागितली. नव्वदी उलटल्यावर एका मुलाखतीत म्हणाले की परत संधी मिळाली तर राजकारणापासून लांब राहीन, काही वेळा मी रेघ ओलांडली. बापाने एवढं सांगून ठेवलं आणि मुलगा त्याच वाटेने गेला, ह्याच्याइतकं दुःख मला ह्या सगळ्या वाचनात कशाचं झालं नाही. बिलींनीच १९५६ मध्ये सुरू केलेल्या ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ मासिकाने २०१९ च्या डिसेंबरमध्ये संपादकीय लिहिलं की ट्रम्पना पदावरून काढलं पाहिजे. संपादक मार्क गॅली. लगेच दोनशेच्या आसपास नेत्यांनी सह्या करून त्या मासिकाचा निषेध केला. चारशे आणि एक, मला तेच आठवलं. रसेल मूर आणि बेथ मूर, एक मोठा नेता, एक मोठी शिक्षिका, दोघं २०२१ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांतून बाहेर पडले.

आणि बिशप मॅरिअन बडी. २०२० च्या जूनमध्ये निदर्शकांना हटवून ट्रम्प चालत त्याच सेंट जॉन्स चर्चसमोर आले आणि हातात बायबल धरून फोटो काढला, उघडलं नाही, नुसतं धरलं. ते चर्च बडींच्या अखत्यारीतलं, त्या तेव्हाच बोलल्या. मग २०२५ च्या २१ जानेवारीला, शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी, वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमध्ये राष्ट्राध्यक्ष पुढच्या रांगेत बसलेले असताना त्यांनी वरून हळू आवाजात विनंती केली की जी माणसं आज घाबरलीत, परदेशातून आलेली, त्यांची मुलं, समलिंगी आणि ट्रान्सजेंडर मुलं, त्यांच्यावर दया करा. एवढंच. रागाचा एक शब्द नाही. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागायला सांगितलं, त्यांनी मागितली नाही. तो व्हिडिओ मी छापखान्यात मुलांना लावून दाखवला, टीचरना पण बोलावलं. टीचर काही बोलल्या नाहीत, रुमाल काढला फक्त.

तर प्रत. टाइपला आणि आकाराला चांगले मार्क, भाषांतराबद्दल मी बोलणार नाही. कॅथलिक माणसाला उपयोग नाही. ज्याला अमेरिकेचं संविधान वाचायचंय त्याला ते इंटरनेटवर फुकट मिळतं, आणि ज्याला बायबल वाचायचंय त्याला मराठीत, कोंकणीत, इंग्लिशमध्ये थोड्या पैशात मिळतं, दोन्ही एकत्र साठ डॉलरला घ्यायचं कारण मला सापडलं नाही. वस्तूला पाचातले तीन दिले असते, कव्हरवर जे केलंय त्याचे दोन काढतो, एक.

टीचरचं काम मी काल करून दिलं. पाठ सोडवली, मागची पानं सगळी बाहेर घेतली, गाण्याचं पान पण, बायबलला साधं काळं रेक्झिन चढवलं, वर नुसतं नाव. संविधानाच्या पानांची वेगळी पुस्तिका शिवली, निळं कव्हर, ती पण नीट केली, कोपरे दाबून. टीचरनी दोन्ही हातात घेऊन बघितली, निळी पुस्तिका त्या नातवाला देणार आहेत, तो यंदा पॉलिटिकल सायन्सला बसलाय. काळी प्रत त्यांच्या घरात चालणार नाही, ती टेक्सासला परत पाठवताहेत, भाच्यासोबत, राजांच्या पहिल्या पुस्तकात अध्याय २२ वर एक जुनी रिबन घालून. पैसे विचारले, मी घेतले नाहीत.